बबन बरोलो बघून आला

आमच्या बोरी बुद्रुकच्या द्राक्षवाल्यांत किस्से कोणी ठरवून सांगत नाही. ते मांडवाखाली पाला साठावा तसे साठतात. फवारणी उरकून संध्याकाळी विलासच्या शेडमध्ये चहाला बसलं, की कोणीतरी थोडं उकरतो आणि उठायचं राहून जातं. मी तिथला ऐकणारा. पण अलीकडे साठलंय ते सगळं बबनचं, आणि खरं सांगतो, ते ऐकताना माझ्या पोटात दुखतं.

बबन माझ्या वयाचा, बांधाला बांध लागलेला. औषधांच्या एका दुकानदाराने गिऱ्हाइकांसाठी इटलीची सहल काढली, त्यात आमच्या गटाला एक जागा होती. जायला तयार आम्ही दोघंच, म्हणून दोघांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. बबनची निघाली. मी त्याच्या बॅगेला नवं कुलूप आणून दिलं. देताना मनात आलं, किल्ली माझ्याच खिशात राहिली तर?

माझी शाळा चौथीपर्यंत. आमच्या गटात ऑक्टोबरच्या छाटणीची पहिली कात्री मात्र सगळ्यांच्या बागेत माझ्या हातची. नारळ फोडायचा, नानाने पहिली काडी कापायची, मग बाकीच्यांनी हात लावायचा. तीस वर्षं असंच चाललंय. मला दुसरा मान नाही. बबन विमानात बसला तेव्हा मला भीती होती ती हा मान जाण्याचीच.

* * *

बबन गेला ते गाव बरोलो. इटलीच्या वरच्या अंगाला, आल्प्सच्या अलीकडे, नुसत्या टेकड्या आणि टेकड्यांवर द्राक्षं. नेब्बिओलो नावाची काळी जात. काढणीच्या दिवसांत तिथे धुकं उतरतं. मणी बारीकच लागतो, पण तिची लाल वाईन जगात नावाजलेली.

बबनने पहिला घड हातात घेतला आणि त्याचं तोंड उतरलं.

"करवंदाएवढा मणी, नाना. आपल्याकडं असा माल व्यापारी गेटातनं आत घेणार न्हाई."

मग त्याने बागेचा मालक पिएत्रो, म्हणजे आमच्याच वयाचा म्हातारा, त्याला मणी फुगवायचं औषध कसं द्यायचं ते सविस्तर समजावलं. किती पाण्यात, घड कसा बुडवायचा, सगळं. दुभाषी पोरगी अर्ध्यात थांबली आणि म्हणाली, हे मी त्यांना सांगणार नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी पिएत्रो रंग धरायला आलेले घड कापून खाली टाकत होता. उरलेल्यांत जोर यावा म्हणून. घड आपणही कमी करतो, पण कोवळे असताना. बबनला ते बघवेना. त्याने घड टोपीत गोळा केले. टोपी भरल्यावर शर्टाच्या ओच्यात. पिएत्रोने ओच्यातले काढून परत मातीत टाकले.

"मग रं?" आमच्या गटातल्या गेनूने विचारलं.

"मग काय? त्यो टाकत व्हता, मी उचलत व्हतो. दुपारपातूर दोघंबी दमलो."

दमून बसले तेव्हाचा फोटो आहे. पिएत्रोच्या खांद्यावर बबनचा हात. तो फोटो बबनच्या मोबाईलवर कायम असतो, फोन लावायला काढला तरी आधी पिएत्रो दिसतो. बांधाला बांध लागून चाळीस वर्षं झाली, माझ्या खांद्यावर हात टाकून बबनने फोटो काढलेला नाही. मी म्हणालो, चांगला आलाय. आणि मोबाईल पालथा ठेवला.

* * *

बबन सांगतो, तिथे बाटलीवर शेताचं नाव असतं. टेकडी एकच, पण दक्षिणेकडच्या उताराची वाईन वेगळी, शेजारच्या उताराची वेगळी. लोक नाव वाचून बाटली घेतात. आमच्या पेटीवर व्यापाऱ्याचं नाव असतं. माझ्या मळ्याचं नाव माझ्या घराबाहेर कोणाला ठाऊक नाही. त्या दिवशी मला माणसाचा नाही, टेकडीचा हेवा वाटला.

गेनू मात्र विचारात पडला होता. त्याच्या शेताला गाव भुताचा माळ म्हणतं.

"माझी बाटली कोण पिईल रं?"

* * *

बबनने एक बाटली आणली होती. आम्ही चौघे चहाच्या कपांत बोट बोट घेऊन बसलो. रंग फिका, वास गुलाबाचा. मी जिभेला लावली आणि तोंड आवळून आलं.

"हिरडा हाय," मी म्हणालो.

भीमाशंकरकडचे लोक रानातून गोळा करतात तो हिरडा. सगळे हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बबन हसला नाही. म्हणाला, तिथंबी तेच म्हणत्यात, म्हणून तीन-चार वर्षं ठिवूनच विकत्यात, अन् घेणारा जाणकार आणखी धा वर्षं ठिवतो.

"आपल्याला एवढं थांबायला कुठं जमतंय," असं म्हणून विलासने उरलेली आपल्या कपात ओतली.

* * *

ऑक्टोबर आला. पहिली बाग विलासची. आदल्या दिवशी तो माझ्या ओट्यावर आला, बराच वेळ पावसाचं बोलला आणि मग म्हणाला, यंदा पहिली कात्री बबनतात्यांच्या हातनं घ्यावी म्हंतो, इटली बघून आल्यात. मी म्हणालो, बरं हाय. चहा ठेवायला उठलो तर साखर सापडेना.

सकाळी जाणार नव्हतो. गेलो. सगळ्यांच्या मागे उभा राहिलो.

नारळ फुटला. बबनने पहिल्या वेलीची काडी धरली, कात्री लावली आणि तसाच थांबला. मग मागे न बघता म्हणाला, "नाना, कितव्या डोळ्यावर?"

काडीवर फुटव्याचे किती डोळे ठेवून कापायचं हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या पोटातलं ओठावर आलं.

"पिएत्रोला इचार की," मी म्हणालो.

"त्यानंच मला इचारलं व्हतं," बबन म्हणाला. "तुमच्यात छाटणी कोण शिकवतं म्हणून. मी म्हणलं, एक हाय. बोलत न्हाई जास्त."

त्याने कात्री माझ्या हातात दिली. सहा डोळे ठेवून कापायची ती काडी मी न मोजताच कापली.

विलासने वाकून मोजलं. "नाना, सात राहिले."

"राहू दे," बबन म्हणाला.