आक्कांच्या हौदातले मासे

आधी माफी मागतो. माझ्यासारख्यानं असं काही लिहायला बसावं, हे मला स्वतःलाच नीट पटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील वैरागच्या बाजारात हमाली करतात. आईला सही येते, तेवढंच. त्यामुळं लिहिणं म्हणजे मला अजूनही परीक्षेतलं उत्तर वाटतं – आधी कुणीतरी प्रश्न विचारलेला असावा लागतो. हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलंही नाही. आईला नाही, मित्रांना नाही. एकदा सांगायला तोंड उघडलं होतं – आणि समोरच्याला "जेवलास का?" एवढंच विचारून मोकळा झालो.

तशी गोष्ट माशांची आहे. गप्पी माशांची. तुम्हाला हसू येईल. येऊ द्या.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी सोलापुरात पूर्व भागात खोली घेऊन राहत होतो. घरमालकीण म्हणजे आक्का. तेलुगू घर, नवरा वारलेला, आक्का घरीच विड्या वळायच्या आणि दिवसाआड कारखान्यात पोचवायच्या. त्यांची मुलगी भाग्या बारावी सायन्सला होती. आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडं बोट दाखवून सांगायच्या, "हे पोरगं बघा, शिकतंय. आमच्या भाग्याला पण असंच करायचंय." मला ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये? गावाकडं मी हमालाचा पोरगा होतो. इथं मी शिकणारं पोरगं होतो.

त्याच सुमारास मला फिश टँकचं वेड लागलं. वर्गातल्या एकाच्या घरी बघितला होता – काचेच्या पेटीत खाली वाळू, वाळूत रुजलेली हिरवी झाडं, आणि त्या झाडांमधून निवांत फिरणारे मासे. मोटार नाही, बुडबुडे नाहीत. तो म्हणाला, झाडंच पाणी साफ ठेवतात. मी घरी आलो आणि माझ्या खोलीकडं बघितलं. गादी, बादली, पुस्तकं, दोरीवरचे कपडे. सगळं गरजेचं. एक गोष्ट अशी नव्हती, जी नुसती बघायला ठेवली आहे. हे कारण म्हणून सांगत नाही. असं वाटलं होतं, एवढंच सांगतो.

भंगारवाल्याकडून जुनी पेटी आणली. एका कोपऱ्यातून गळत होती, ती बुजवली. झाडांना खाली माती लागते, हे मोबाइलवर बघितलं होतं. मग मी काय करावं? सुट्टीला गेलो तेव्हा मामाच्या रानातली काळी माती पिशवी भरून घेऊन आलो. शेणखत घातलेली, मऊ, वासाची. ज्या मातीत एवढी ज्वारी येते, तिच्यात चार पानं यायला काय झालं? मामा म्हणाला, "शिकायला गेलास का कुंड्या भरायला?" मी हसलो. वर वाळूचा थर दिला, दुकानातून आणलेल्या हायड्रिला या पाणवनस्पतीच्या काड्या खोवल्या, पाणी भरलं आणि दुसऱ्याच दिवशी रंगीत शेपट्यांचे गप्पी सोडले.

मासे मेले. सगळे. पाणी चहासारखं झालं. शेणखत पाण्याखाली कुजतं आणि त्यातून निघतं ते माशांना विष असतं – हे मला आता माहीत आहे. पेटीत आधी काही आठवडे नुसती झाडंच ठेवायची असतात, हेही. तेव्हा मला एवढंच कळलं, की मासे मेले आणि दुसरे हवेत.

दुसरे जवळच होते.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. पण थांबून काय होणार?

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून घरोघरी साठवण. आक्कांच्या अंगणात जमिनीखाली सिमेंटचा हौद होता, त्यावर पत्र्याचं झाकण. पाणी छोट्या मोटारीनं वर ओढायचे, त्यामुळं आत डोकवायची वेळ कुणावर यायची नाही. आणि अशा साठवणीच्या पाण्यात डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आरोग्य खात्याची माणसं गप्पी मासे सोडून जातात. आमच्या गल्लीत हे काम रेखाताई करायच्या. कंत्राटी होत्या. उन्हातान्हात खांद्याला पिशवी, आणि दारातून हाक – "पाणी कुठं साठवलंय, दाखवा की!" लोक वैतागायचे. कुणी म्हणायचं, "आली बघा माशेवाली." त्या उलट म्हणायच्या, "आले की! तळायला न्हाय, पोसायला आणलेत."

माझे मासे मरायच्या थोडे दिवस आधी, एका संध्याकाळी आक्का विड्या द्यायला गेल्या होत्या, भाग्या क्लासला. वीज गेलेली. रेखाताईंनी झाकण सरकवलं आणि मला म्हणाल्या, "दादा, जरा टॉर्च धरा की." मी मोबाइलची टॉर्च धरली. त्यांनी पिशवीची गाठ सोडायला माझ्याच हातात दिली, कारण त्यांची बोटं ओली होती. मी गाठ सोडली. मासे पाण्यात पडले आणि अंधारात पांगले. मी बघितले. अगदी नीट बघितले.

हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे.

माझे मासे मेले, तेव्हा मला तो हौद आठवला. मच्छरदाणीचा तुकडा तारेला बांधून जाळी केली, बिस्किटाचा चुरा टाकला. मासे वर आले. आधी थोडेच काढले. ते माझ्या पेटीत मेले, म्हणून आणखी काढले. पाणी बदलत राहिलो, झाडं रुजत गेली, मासे मरत राहिले, मी काढत राहिलो. शेवटी जाळी रिकामी यायला लागली. आणि साधारण तेव्हाच माझी पेटी जमली. पाणी निवळलं. झाडांना नवी पालवी आली. उरलेल्या गप्पींना बारीक पिल्लं झाली. मला इतका आनंद झाला होता, की हौदाचा विचारच मनात आला नाही. आला नाही, की मी येऊ दिला नाही? आता सांगता येत नाही.

भाग्या पेटी बघायला यायची. खाली मांडी घालून बसायची. "दादा, हे मासे कुठनं आणले?" तिनं विचारलं होतं. मी म्हणालो, दुकानातून. ते खोटं इतकं सहज आलं, की ते खोटं होतं हे मला नंतर आठवावं लागलं.

मग भाग्याला डेंग्यू झाला.

परीक्षा तोंडावर होती. ती दवाखान्यात होती आणि आक्का बाहेरच्या बाकावर बसून होत्या. पेशी कमी होत गेल्या, मग सावरल्या. ती वाचली – हे आधीच सांगून टाकतो, तुम्हाला उगाच टांगून ठेवायचं नाही. पण बारावीची परीक्षा बुडाली आणि वर्ष गेलं.

तुम्ही म्हणाल, डास काय त्याच हौदातला असेल कशावरून? शेजारचं पिंप असेल, कुठला टायर असेल. मीही स्वतःला हेच सांगितलं. पुष्कळ वेळा सांगितलं. पण कबूल करायचंय ते हे नाही. ते पुढं आहे.

भाग्या दवाखान्यात असतानाच रेखाताईंचे साहेब गल्लीत आले. आक्कांच्या अंगणात लोक जमले. झाकण काढलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. मासा एकही नव्हता.

"सोडले होते म्हणता, मग गेले कुठं?" आक्का ओरडल्या. "पंख फुटले काय त्यांना?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बाईंनी घरी रस्सा केला असेल." लोक हसले. आणखी एक म्हणाला, "भिंतीवर खडूनं खूण करायची अन् पुढं चालायचं, असलं काम ह्यांचं."

रेखाताई आधी चिडल्या. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. हे मला विसरता येत नाही – मला बघून त्यांना बरं वाटलं होतं. "ह्या दादांनी टॉर्च धरली होती की," त्या साहेबांना म्हणाल्या. "विचारा त्यांना. शिकलेलं पोरगं हाय."

सगळे माझ्याकडं वळले.

माझ्या खोलीचं दार दहा पावलांवर होतं. दारामागं पेटी होती. साहेब येणार हे कळल्यावर मी सकाळीच तिच्यावर चादर टाकून ठेवली होती – म्हणजे बघा, मला सगळं कळत होतं. मी म्हणालो, "टॉर्च धरली होती. पण त्यांनी काय सोडलं, ते मला दिसलं नाही."

नुसतं "मला माहीत नाही" म्हणालो असतो, तर कदाचित कुणी विश्वास ठेवला नसता. अर्धं खरं बोललो, म्हणून ते पुरतं खरं वाटलं. ही अक्कल मला कुठून आली?

"अहो दादा," रेखाताई म्हणाल्या, "पिशवी तुमच्याच हातानं सोडली की!"

मी खाली बघत राहिलो. आक्का म्हणाल्या, "त्याच्यावर कशाला ढकलता? ते पोरगं कशाला खोटं बोलंल?" साहेबांनी मान हलवली. पुढच्या फेरीला गल्लीत दुसरी बाई आली. रेखाताईंना कामावरून काढलं, असं आक्कांनीच सांगितलं. समाधानानं सांगितलं. मी पुस्तकात तोंड घालून ऐकलं.

भीती कसली होती? खोली जाईल ही? असेल. पण खोली दुसरी मिळाली असती. मला वाटतं, "शिकणारं पोरगं" हे जाईल याची भीती होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शब्दाला वजन आलं होतं. चार माणसांत मला कुणीतरी विचारलं होतं आणि माझं ऐकलं होतं. वडिलांचं असं कुणी कधी ऐकलं नाही. आणि ते वजन मी पहिल्यांदा वापरलं, ते एका बाईच्या पोटावर ठेवायला.

भाग्या बरी होऊन आली. अशक्त होती, दुपारभर माझ्या दारात बसून मासे बघायची. चादर मी काढून टाकली होती, कारण ती ठेवायचं आता काही कारण उरलं नव्हतं. "कसं शांत वाटतंय बघ," ती म्हणायची. मी हो म्हणायचो.

मासे हौदात परत सोडावेत, असं मनात आलं होतं. पण ते सापडले असते तर? सोडले नाहीत. वर्ष संपलं, मी हॉस्टेलला गेलो. पेटी एकाला देऊन टाकली. भाग्या पुढच्या वर्षी बारावी झाली. आता मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रेखाताईंचा पत्ता काढावा, असं मी अनेकदा ठरवलं. कधी परीक्षा होती, कधी प्रॅक्टिकल होतं. खरं तर नुसतं ठरवण्यावरच मी भागवत होतो. थकलो आहे, पण हा थकवा काही केल्यामुळं आलेला नाही, काही न केल्यामुळं आला आहे.

गेल्या आठवड्यात आक्कांचा फोन आला. त्या अधूनमधून करतात – जेवलास का, आईची तब्येत काय म्हणते. बोलता बोलता म्हणाल्या, "अरे, ती माशेवाली बाई आली होती बघ. रेखाबाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता कुणाकुणाच्या घरी पोळ्या लाटायला जाते म्हणे. वाळलीय. भाग्याच्या हातात नारळ दिला आणि रडायला लागली. म्हणाली, मला इतके दिवस वाटायचं मी मासे सोडलेत. पण त्या पोराला काय पडलंय खोटं बोलायला? कॉलेजातलं पोरगं. लई घरं असायची, माझ्याच हातून तुमचं घर राहिलं असंल. माझ्यामुळं पोरीचं वर्ष गेलं. असं म्हणून हात जोडले बघ तिनं."

मग आक्का म्हणाल्या,

"मी म्हटलं, जाऊ दे बाई. माफ केलं. बरं केलं की नाही रे?"

मी म्हणालो, "बरं केलंत, आक्का."