काठावरचे दत्तूकाका

दत्तूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलावावरच होते. पहिला विचार मनात आला तो हा, की आता काठावरून ओरडणार कोण? खालापूरच्या आमच्या आळीतला हा दगडी पोहण्याचा तलाव माझ्या आजोबांच्याही आधीचा. शेजारच्या या काकांनी तिथे अर्ध्या आळीला पोहायला शिकवलं, मलाही. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, पाण्यात ढकलायचं आणि स्वतः पायरीवर बसून गर्जायचं, "हात लांब टाक गं! पानी काय खातंय का तुला?" पाण्यापेक्षा त्यांना घाबरून माणूस पोहायचा.

मग तलाव गळायला लागला, शेवाळला, बंद पडला. रसायनीच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले काका दुसरी नोकरी धरल्यासारखे नगरपंचायतीच्या कचेरीत खेटे घालू लागले. त्यांना लांबून बघूनच साहेब चहा मागवायचे. शेवटी दहा-बारा वर्षांनी एकदाचं काम निघालं. नवा पंप आला, तळाला फरशी बसली, पण काळ्या दगडाच्या पायऱ्यांना काकांनी हात लावू दिला नाही. "मंग मी बसू कुठं?" एवढंच त्यांचं म्हणणं.

पहिली उडी काकांचीच, असं आळीनं ठरवलं. त्याच संध्याकाळी काका माझ्या दारात, चेहरा पडलेला... "पोरी, मला पोहता येत नाय." मला हसू आवरेना. जन्मभर लोकांना पाण्यात ढकलणारा हा माणूस स्वतः तलावात गुडघ्याच्या वर कधी भिजलाच नव्हता! लहानपणी विहिरीत बुडता बुडता वाचले होते. त्या धास्तीपायीच तर ते आळीतल्या एकेका पोराला धरून शिकवायचे. मी म्हटलं, तब्येतीचं कारण सांगा. "आनि पोरांना कुठल्या तोंडानं सांगू, घाबरू नका म्हनून?"

उद्घाटनाला काका आले ते पाठीला भोपळा बांधून. सत्तरी ओलांडलेला शिकाऊ! आळी पोट धरधरून हसली. काकूंनी कपाळावर हात मारला, "या वयात ह्ये काय सोंग!" काकांनी नाक धरलं, डोळे मिटले आणि धप्पकन उडी टाकली. वर आले ते ओरडतच, "आयला, थंड हाय की!" त्यानंतर रोज सकाळी ते पाण्यात आणि मी पायरीवर. मनसोक्त ओरडून मी जुनं उट्टं काढलं. यंदाच्या उन्हाळ्यात एके दिवशी भोपळा सोडून, धापा टाकत, ते पलीकडच्या काठाला लागले. मग भोपळा खुंटीला अडकवत म्हणाले, "आता ह्यो दुसऱ्या कुनाला तरी दे."

त्यांना जाऊन महिना झाला. फार आठवण येते. परवा सकाळी तलावावर पोचले तर त्यांच्या पायरीवर काकू बसलेल्या... तलावाच्या नावानं आयुष्यभर बोटं मोडणाऱ्या काकू. मला बघून उठल्या, खुंटीवरचा भोपळा काढून माझ्या हातात दिला आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

"बांध गं घट्ट. आनि ओरड त्यांच्यासारखी, नायतर मला जमायचं नाय."

मी गाठ मारली, डोळे पुसले आणि काठावरून ओरडले, "हात लांब टाका, काकू!"