गप्प बसलात तर मास्क नको

जपानमध्ये आजच्या घडीला मास्कची सक्ती फक्त एकाच माणसावर उरली आहे, आणि तो माणूस मीरा रोडला राहतो. तो मी.

ही सक्ती तिथल्या सरकारने केलेली नाही. सरकार बिचारं भलं आहे. सक्ती केली ती सातोबाईंनी. सातोबाई म्हणजे आमच्या लेकीच्या, केतकीच्या, टोकियोबाहेरच्या घराच्या मालकीणबाई. वय सत्तरीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि दरारा आमच्या हाउसिंग सोसायटीच्या अख्ख्या कमिटीला पुरून उरेल एवढा.

केतकीला सातवा महिना लागला तेव्हा आम्ही दोघं निघालो. महामारी ओसरत आली होती, परदेशी पाहुण्यांसाठी जपानने नुकतीच दारं उघडली होती. निघायच्या आधी जावईबापूंचा, म्हणजे सुमेधचा फोन आला.

"बाबा, एक सांगायचंय. घराचा करार संपतोय. नवीन करायचा की नाही ते सातोबाई ठरवणार आहेत. परदेशी लोकांना इथे घर मिळायला फार त्रास होतो. त्यात केतकीची ही अवस्था. आता सामान उचलून कुठे फिरणार आम्ही?"

"मग मी काय करू? बोलू त्यांच्याशी?"

"नको!" सुमेध इतक्या जोरात म्हणाला की फोन स्पीकरवर नसतानाही नीताला, म्हणजे माझ्या बायकोला, स्वयंपाकघरात ऐकू गेलं. "बाबा, त्यांना आवाज चालत नाही. बाळ येणार म्हणून आधीच त्या विचारात आहेत. तुम्ही फक्त... शांत राहा."

आता, मी बोलका माणूस आहे हे मला मान्य आहे. आम्ही परळहून मीरा रोडला आलो तेव्हापासून सोसायटीचा सेक्रेटरी मीच होतो, आणि सेक्रेटरीचं काम तोंडानेच होतं. एकदा नीताच्या आग्रहाखातर मी विपश्यनेच्या शिबिराला गेलो होतो. तिथे मौन पाळायचं असतं. तिथल्या व्यवस्थापकांनी मला अत्यंत प्रेमाने, अगदी स्वतः येऊन, परतीच्या रिक्षात बसवून दिलं. (रिक्षावाल्याशी छान गप्पा झाल्या.)

तिथे पोचल्यावर केतकीने पहिल्याच संध्याकाळी मास्कचे नियम समजावले. "इमारतीच्या आत मास्क लावायचा. बाहेर लावला नाही तरी चालतो, पण जवळ उभं राहून बोलणार असाल तर लावायचा."

"म्हणजे गप्प बसलं तर नको?"

"हो."

"आणि बोललं तर हवा?"

"हो."

नीताने हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि कुठल्याशा अज्ञात जपानी अधिकाऱ्याला मनोमन हात जोडले. "किती विचार करून केलाय गं नियम," ती म्हणाली.

मी पुढचा महत्त्वाचा प्रश्न विचारला. "नाही लावला तर दंड किती?"

"दंड नाही, बाबा."

"मग पोलीस पकडतात?"

"पोलीस काय करणार? कायदाच नाही तसा."

"मग पावती कोण फाडतं?"

"कुणीच नाही."

"मग लावतात कशाला?"

माझा विश्वास बसेना. आमच्याकडे मास्क म्हणजे हेल्मेटचा सख्खा भाऊ. नाक्यावर पोलीस दिसला की वर, पोलीस मागे गेला की खाली. सोसायटीत मी गेटवर स्वतः उभा राहून लोकांना मास्क लावायला लावले होते. लोक गेटपुरते लावायचे आणि लिफ्टमध्ये शिरताना हनुवटीवर घ्यायचे. हनुवटीला कोरोना झाल्याचं आमच्या सोसायटीत एकही उदाहरण नाही.

तेव्हा यामागे कुणीतरी असणारच, या खात्रीने दुसऱ्या दिवशी पहाटे मी शोध घ्यायला निघालो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कोपऱ्यावर एक म्हातारा सिग्नलला उभा होता. रस्त्यावर गाडी नाही, सायकल नाही, तरी हा लाल दिवा हिरवा व्हायची वाट बघतोय, आणि तोंडावर मास्क. मी खांबावर कॅमेरा शोधला. कुणाच्या खिडकीतून कुणी बघतंय का ते बघितलं. कुणी म्हणजे कुणी नव्हतं! दिवा हिरवा झाला, म्हातारा मला बघून कमरेत वाकला आणि निघून गेला. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. कुणी बघत नसताना नीट वागणारा माणूस मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो, आणि आपण त्याच्यावर पाळत ठेवायला आलोय याची मला भयंकर लाज वाटली.

त्या भारावलेल्या अवस्थेत मी घरी येऊन जाहीर केलं, की मीही नियम पाळणार. पण मास्क लावला की माझ्या चष्म्यावर वाफ धरते आणि मला पुढचं काही दिसत नाही. म्हणून मी दुसरा मार्ग निवडला. मी घराबाहेर बोलणार नाही.

"बघूया," नीता म्हणाली.

आणि काय सांगू, जमलं! दोन-तीन दिवस मी घराबाहेर पडलो की गप्प. नीता तर रोज संध्याकाळी नटूनथटून माझ्याबरोबर फिरायला यायला लागली. लग्नानंतर एवढी खूश मी तिला पाहिली नव्हती.

मग तो रविवार आला. इमारतीसमोर छोटी बाग आहे, तिथल्या बाकावर मी बसलो होतो, बिनमास्कचा आणि मुका. सातोबाई झाडाखालची पानं झाडत होत्या, मास्क लावून. तेवढ्यात वादाला तोंड फुटलं.

एका बाजूला होती तळमजल्यावर राहणारी लिंडा. मूळची ऑस्ट्रेलियाची, पण बरीच वर्षं तिथे इंग्रजी शिकवते, आणि नव्याने बाटलेली मोठ्याने बांग देते म्हणतात तशी जपान्यांपेक्षा कडक. दुसऱ्या बाजूला फोटो काढत आलेले एक पर्यटक नवरा-बायको. त्यांना मी लांबूनच ओळखलं. नावाने नव्हे, पण शेवगाठियाच्या पाकिटाने. जगात कुठेही जा, भायंदरचा माणूस भेटतोच. नाव-गाव पुढे कळलं: जिग्नेशभाई, भायंदर वेस्ट, स्टीलच्या डब्यांचा कारखाना.

"तुम्ही मास्क लावला नाही," लिंडा इंग्रजीत म्हणाली.

"मॅडम, बाहर में जरूरत नहीं है. नियम है," जिग्नेशभाई म्हणाले. सुमेध तिथून कचरा टाकून परत येत होता, त्याला दोघांनी दुभाषा म्हणून धरून ठेवलं.

"बोलणार असाल तर जरूरत आहे," लिंडा म्हणाली.

"मैं किससे बोल रहा हूं? मैं तो वाइफ से बोल रहा हूं. वो सुनती कहां है?"

"तुम्ही लोक आठवड्यासाठी येता, फोटो काढता आणि जाता," लिंडा आता खरंच चिडली. "इथले लोक तोंडावर काही बोलत नाहीत. पण पुढचं वर्षभर आमच्याकडे बघतात. आम्हाला घर देताना हेच आठवतं त्यांना."

आपलं म्हणणं नीट पोचावं म्हणून तिने मास्क हनुवटीवर घेतला होता. (तिला आमच्या सोसायटीत फ्लॅट द्यायला काही हरकत नव्हती.) सुमेधनेही तेच केलं, कारण मास्कमधून हिंदीचं इंग्रजी होत नव्हतं. जिग्नेशभाईंच्या सौभाग्यवतींनी गुजरातीतून तोंड घातलं. चौघं हातभर अंतरावर उभे राहून, बिनमास्क, मोठमोठ्याने, मास्क कुठे लावावा यावर भांडत होते! माझ्या पोटात मुद्दे उसळत होते. दोन्ही बाजूंनी मी बोलू शकलो असतो. पण मी ओठ घट्ट मिटले आणि आकाशाकडे बघितलं.

झाडू थांबला. सातोबाईंनी त्या चौघांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. संपूर्ण बागेत नियमाप्रमाणे वागणारी परदेशी व्यक्ती एकच होती. त्या सुमेधजवळ गेल्या आणि माझ्याकडे बोट न दाखवता, नुसतं मानेने, काहीतरी विचारलं. सुमेध घाबरून काहीतरी बोलला. सातोबाई माझ्यासमोर आल्या आणि कमरेत इतक्या वाकल्या, की मी उठून त्यांच्यापेक्षा खाली वाकलो, आणि तिथेच माझी कंबर धरली.

"काय सांगितलंस रे त्यांना?" घरी पोचल्यावर केतकीने विचारलं.

सुमेध भिंतीकडे बघत म्हणाला, "त्यांनी विचारलं, हे गृहस्थ एवढे शांत कसे. माझ्या तोंडून निघून गेलं, की बाबा बुद्धाच्या देशातून आलेत, ध्यान करतात, त्यांचं मौन आहे."

"मग?"

"त्या उद्या सकाळी दहाला आपल्याकडे चहाला येतायत. म्हणाल्या, कराराचंही बोलू. आणि अशा माणसाच्या सहवासात थोडं बसायला आवडेल."

केतकी पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली. "बाबा," ती म्हणाली, "माझ्या बाळाची शपथ आहे. तासभर."

मी मान हलवली. सराव म्हणून बोललो नाही.

सकाळी सातोबाई आल्या. बरोबर दहा. पोह्यांची बशी दोन्ही हातांनी घेतली, एकेक पोहा खाल्ला, मास्क लावला, छान झालेत म्हणाल्या, मास्क काढला, पुन्हा एक घास घेतला. मी समोर बसून त्यांचं ते मास्क काढणं-घालणं आ वासून बघत होतो. (आवाज न करता.) केतकी हळूच मराठीत सांगत होती, "बाबा, त्या म्हणतायत, तुमच्या चेहऱ्यावर खूप समाधान आहे." नीताला ठसका लागला. सातोबाईंनी कराराचा विषय काढायला घसा खाकरला.

आणि माझ्या खिशात नाशिक ढोल वाजू लागला.

जपानमध्ये फोन गप्प ठेवायचा असतो हे केतकीने सांगितलं होतं. पण मी स्वतः गप्प राहण्याच्या नादात फोनला सांगायचं विसरलो. तिकडचे दहा म्हणजे आपल्याकडे नळाला पाणी यायची वेळ. पडद्यावर पाटील. पाटील म्हणजे मूळचा भायंदरजवळच्या राई गावचा, माझ्या जागी आलेला नवा सेक्रेटरी. ढोल बंद करायला गेलो तर माझा अंगठा भलतीकडे पडला आणि व्हिडिओ कॉल सुरू झाला.

"काका! टाकी भरून वाहतेय! पानी जिन्यानं खाली येतंय!" पाटील गच्चीवर गुडघाभर भिजला होता. "मोटर बंद केली तरी पानी थांबत न्हाय! मी व्हॉल्व्ह बंद करतंय तं अजून जोरात येतंय!"

आमच्या टाकीचा व्हॉल्व्ह प्लंबरने उलटा बसवलाय. बंद करायला गेलात की उघडतो. हे अख्ख्या सोसायटीत फक्त मला माहीत आहे.

मी केतकीकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. नीता मानेने "नको" म्हणत होती. दुसऱ्या माळ्यावरच्या कांबळेकाकूंच्या घरात नवी गादी आली होती. मी बाळाची शपथ आठवली. मग मी जिना आठवला.

"अरे उलटाऽऽ फिरव! उलटा! घट्ट करतोस तसा नको रे, सैल करतोस तसा! जोर लाव! पाटला, चप्पल काढ आधी, घसरशील! फिरव! अजून! अजूऽन!"

"थांबलं काका!" पाटील ओरडला आणि फोन बंद झाला.

माझं मौन, ध्यान आणि बुद्धाचा देश, तिन्ही पोह्यांच्या बशीत पडले होते. सुमेध पडद्यामागे जायला जागा शोधत होता. सातोबाईंनी बशी खाली ठेवली, मास्क लावला आणि केतकीला काहीतरी विचारलं.

केतकी थकली होती. तिने सगळं खरं सांगून टाकलं. मौन नाही, सेक्रेटरी, टाकी, उलटा व्हॉल्व्ह, सगळं. ती सांगत असताना मी सामान बांधायचे खोके कुठे मिळतील याचा विचार करत होतो. सातोबाईंनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

"त्या विचारतायत," केतकी म्हणाली, "पाणी थांबलं ना?"

मी "हो" म्हणालो. सातोबाई उठल्या आणि मला खूण करून खाली घेऊन गेल्या. इमारतीच्या मागे एक झाकण होतं. त्यांनी ते उघडलं. आत त्यांचा व्हॉल्व्ह, लख्ख पुसलेला, तेलपाणी केलेला, आणि वर नीट अक्षरांत पाटी आणि बाण. कुठे फिरवायचं ते. एवढंच! मी बघतच राहिलो. इतकी वर्षं मी आमचा व्हॉल्व्ह डोक्यात घेऊन फिरलो आणि त्या ज्ञानाच्या जोरावर स्वतःला सोसायटीचा आधारस्तंभ समजत होतो. एक बाण काढायचं मला सुचलं नाही. मी मास्क लावून त्यांना हे सगळं मराठीत सांगितलं, बराच वेळ. त्यांना एक अक्षर कळलं नाही, पण त्या मान डोलवत होत्या.

वर येऊन त्यांनी करार नवा केला. केतकीला म्हणाल्या, "सात समुद्रांपलीकडून शेजाऱ्याचा जिना वाचवणाऱ्या माणसाची मुलगी माझं घर नीट ठेवील. बाळ रडलं तरी चालेल. बाळं रडतातच." मग माझ्याकडे वळून, हसून, एकच अट घातली. "पण वडिलांनी मात्र आत, बाहेर, सगळीकडे मास्क लावायचा."

नातू झाला, चांगला खणखणीत आवाजाचा. पुढे तिथल्या सरकारनेही ज्याची त्याची मर्जी म्हणून नियम उठवला. लिंडा बिनमास्क फिरते. सातोबाई स्वतः बिनमास्क पानं झाडतात. फक्त माझी अट उठली नाही. आता रोज सकाळी मी मीरा रोडच्या बाल्कनीत बसून नातवाला व्हिडिओ कॉल लावतो. पडद्यावर केतकीच्या खिडकीतून मागची बाग दिसते, तिथे सातोबाई असतात. त्या माझा आवाज ऐकून वर बघतात, स्वतःच्या तोंडावर हात ठेवतात आणि वाट बघतात. मी गुपचूप खिशातून मास्क काढतो.

परवा पाटील व्हॉल्व्हवर लावायची पाटी दाखवायला आला. मला असा बसलेला बघून चाट पडला.

"काका, आपल्याच घरात मास्क? न्हाय लावला तं पावती कोन फाडतंय?"

"कुणीच नाही," मी अभिमानाने म्हणालो.

पण मास्कमधून ते पाटलाला ऐकूच गेलं नाही. आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती, म्हणून पाटीवर पाटलाने बाण चुकीच्या दिशेला काढलाय हे मला दिसलं नाही.