उपग्रहाला न दिसलेला पांगारा

रविवारी ठरलं होतं महाबळेश्वर आणि गेलो मुंढव्याच्या पुलावर! दोष माझाच. उपग्रहाच्या चित्रांवरून शहराची हिरवाई मोजायचं माझं काम, तेही घरबसल्या. सोमवारी नकाशा प्रभागाच्या बैठकीत जाणार होता आणि त्यात जे रिकामं दिसेल तिथे वाहनतळ व्हायचं होतं. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघून येऊ.

कसब्यातून सकाळी सहालाच स्कूटर काढली. दोनशेचं पेट्रोल दिवसभर पुरलं. नकाशावरचा सगळ्यात गर्द पट्टा पुलाखालीच होता. वाकून बघितलं तर जलपर्णी! काठोकाठ हिरवी नदी, वर बगळे चालतायत.

"छान जंगल आहे तुझं," नवरा, मंदार म्हणाला, "वासासकट."

हसू आलं, पण लगेच नकाशा पुन्हा उघडला. नदीच चुकली तर बाकीचं काय?

वाटेत मिसळ हाणली (शंभराच्या आत) आणि कोथरूडमागची टेकडी गाठली. जाणार असाल तर टोपी आणि पाणी न्या, वर टपरी नाही. माझ्या नकाशात हा उतार अगदी कोरा होता. चढावर एक काका भेटले, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. इथे फिरायला येणाऱ्यांनी झाडं वाटून घेतलीयत, ज्याचं झाड त्यानं पाणी घालायचं. काकांच्या वाट्याला पांगारा.

नकाशा दाखवला, वाहनतळाचंही सांगितलं. काकांनी चष्मा पुसला.

"कधीचा फोटो हा?"

"एप्रिलचा."

"अहो, तेव्हा पानं गळलेली असतात. उन्हाळ्यात आम्हीसुद्धा टक्कल झाकूनच फिरतो." मग आवाज उतरला. "दिवाळीनंतरचा बघा. गवत वाळतं, झाडं हिरवी राहतात. बारा वर्षं पाणी घालतोय हो. गाड्या नका उभ्या करू इथे."

लाजच वाटली मला.

दुपारी घरी येऊन डिसेंबरचं चित्र घेतलं, जलपर्णी वगळली. शहराची हिरवाई घटली, टेकडी मात्र भरून आली. सोमवारी तिथलं वाहनतळ रद्द झालं. महाबळेश्वर बुडाल्याचं दुःख मंदारलाही नाही.

काकांना नकाशा पाठवला. लगेच फोन आला.

"टेकडी दिसली. माझा पांगारा कुठाय?"

"काका, एकटं झाड नाही दिसत. चित्रातला एकेक ठिपका म्हणजे दहा मीटरचा चौकोन, तो भरावा लागतो."

"बरं. मग शेजारी अजून तीन लावतो."