न बोलावता पाहिलेलं सिंगापूर

माझा मुलगा सिंगापूरला राहतो आणि मी सिंगापूर पाहिलं ते टूर कंपनीच्या बसमधून. हे ऐकलं की लोक लगेच सुनेकडे बोट दाखवतात. त्या बिचारीचा यात काडीचाही संबंध नव्हता.

मुलगा तिकडच्या बँकेत लागला, पर्मनंट रेसिडेंट झाला, तिथल्या यिशुन नावाच्या उपनगरात त्याने फ्लॅट घेतला. हे सगळं मला फोनवर कळत गेलं. दर रविवारी त्याचा फोन यायचा, त्यात कधी खंड नाही. मध्ये नातवाच्या हातात फोन दिला जायचा. तो "हाय आजी, बाय आजी, ओके ला" एवढं तिकडच्या ढंगात एका दमात म्हणून पळायचा. आणि फोन ठेवता ठेवता मुलगा म्हणायचा, "आई, तू केव्हाही ये गं."

ज्यांना आपल्याकडची आमंत्रणं कळतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. माणूस खरंच यायला हवा असतो तेव्हा आपण तारीख विचारतो, तिकीट काढतो म्हणतो, नाही म्हटलं तर रुसतो. 'केव्हाही या' हे जिन्यात भेटलेल्या माणसाला म्हणायचं असतं. मी शाळेत शिकवण्यात जन्म घालवला होता. गृहपाठ कोणी केलेला नाही हे वर्गात शिरताना मला कळायचं, तर एवढं कळत नव्हतं थोडंच! मी आपली "बघू रे" म्हणायचे आणि न बोलावता जायचं नाही हा हट्ट धरून बसायचे. नवरा असता तर म्हणाला असता, स्वतःच्या पोराकडे कसलं गं मानपान. पण तो नव्हता, त्यामुळे माझ्या हट्टाला जाब विचारणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात वर्तमानपत्रात टूरची जाहिरात पाहिली. सिंगापूर, मराठी जेवणासह. मी नाव नोंदवून टाकलं आणि मुलाला काही कळवलं नाही. तिथे पोचल्यावर फोन करायचा आणि म्हणायचं, "अरे, मी तुझ्याच गावात आहे, हॉटेलात उतरलेय, ये भेटायला." म्हणजे मी त्याच्या दारात गेले असं झालं नसतं, तोच माझ्याकडे आला असता. मानही राहिला असता आणि पोरही भेटलं असतं. आपण फार हुशारी केली असं मला विमानात बसेपर्यंत वाटत होतं.

ताप विमानातच भरला. उतरल्यावर तर काय, बसमध्ये हुडहुडी आणि बाहेर घामाच्या धारा. मी दिवसभर स्वेटर घालत होते आणि काढत होते. तोंडातून पाणी सोडणारा तो सिंह पाहिला, त्याच्यासमोर सगळ्यांबरोबर हसून फोटोही काढला. सगळं कसं लख्ख आणि धुतल्यासारखं. माझ्या डोळ्यांना ते सोसत नव्हतं.

माझ्याबरोबर खोलीत सांगलीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि बातमी बसभर केली. झालं. पटापट पर्सा उघडल्या. सुंठ आली, ओवा आला, आल्याच्या वड्या आल्या, तापाच्या गोळ्या आल्या, साबुदाण्याएवढ्या होमिओपॅथीच्या गोळ्यासुद्धा आल्या. नको म्हटलेलं कोणी ऐकून घेत नव्हतं. आग्रह करणारी सगळी माणसं त्या बसमध्येच बसली होती, आणि त्यातल्या एकाचंही नाव मला आदल्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. मला रडू यायला लागलं, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, तापात असं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी टूर लीडर माझ्यापाशी येऊन बसला. पोरगा गुणी होता. म्हणाला, "काकू, इथे तुमचं ओळखीचं कोणी आहे का? असेल तर आजचा दिवस तिथे पडून राहा. मी स्वतः टॅक्सीने सोडून येतो."

"थांब हं, सांगते," मी म्हटलं आणि खाली फोन होता तिथे गेले.

पहिल्याच रिंगला त्याने उचलला. "अरे, मी बोलतेय," मी म्हटलं. "आई? मीटिंगमध्ये आहे गं मी. सगळं ठीक ना? काही अर्जंट?"

आवाज दबका होता. मागे कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं. माझं वाक्य तयार होतं, घोकून ठेवलेलं. ताप आहे, तुझ्या गावात आहे, ये. पण अर्जंट आहे का, या प्रश्नाला हो म्हणायला माझी जीभ रेटेना. आईला भेटणं हे अर्जंट आहे की नाही हे मी कसं ठरवणार?

"नाही रे, सहज केला," मी म्हटलं.

"मग रात्री करतो मी," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

मोबाइलवर समोरच्याचा नंबर उमटतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे माझ्याकडे मोबाइल आला तेव्हा लक्षात आलं, की त्या सकाळी त्याच्या हातातल्या फोनवर त्याच्याच गावचा नंबर उमटला असणार. नुसता पाहिला असता तरी त्याला कळलं असतं. पण तो कामात होता. काम करणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही, मीही उभा जन्म कामच केलं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

टूर लीडरला मी सांगितलं, "इथे माझं कोणी नाही."

तो म्हणाला, मग खोलीतच आराम करा. पण त्या न उघडणाऱ्या खिडकीच्या खोलीत एकटीने पडून राहायची मला भीती वाटली, म्हणून मीही सगळ्यांबरोबर बसमध्ये चढले. त्या दिवशी प्राणिसंग्रहालय होतं, शहराच्या उत्तरेला. मी खिडकीशी डोळे मिटून बसले होते. एकदा उघडले तर रस्त्यावर हिरवी पाटी, तीवर इंग्रजीत 'यिशुन' आणि बाण.

ती अक्षरं माझ्या हाताला पाठ होती. दर दिवाळीला फराळाचं खोकं बांधलं की जाड पेनाने मीच पत्ता घालायचे, इमारतीच्या आकड्यापासून पिन कोडपर्यंत. चकल्या मोडू नयेत म्हणून आत कुरमुरे भरायचे. खोकी दरवर्षी तिथे बिनबोभाट पोचत होती. लांबवर उंच इमारती दिसायला लागल्या. तिकडे इमारतींच्या भिंतींवर मोठाले आकडे रंगवलेले असतात. मी काचेला कपाळ टेकून त्याचा आकडा शोधायला लागले. काच गार होती, बरं वाटत होतं. पण डोळ्यांवर झापड होती, एक आकडा लागेल तर शपथ. वाटलं, ओरडून बस थांबवावी. मग बस वळली आणि झाडं आली.

प्राणिसंग्रहालयात मी दाराजवळच्या बाकावर बसून राहिले. मुख्याध्यापिका माझ्याजवळ थांबत होत्या, त्यांना मी बळेच आत पाठवलं. मी एकही प्राणी पाहिला नाही. येणारी-जाणारी माणसं पाहिली. आपल्याकडचा वाटणारा कोणी माणूस लहान मुलाला घेऊन आला की मी ताठ बसायचे. मुलगा मीटिंगमध्ये आहे, नातू शाळेत आहे, हे मला चांगलं कळत होतं. तरी बसायचे. इतकं एकटं मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा घरात माणसं होती आणि ती मला चहा पी, चहा पी म्हणत होती.

उरलेले दिवस असेच गेले. फोन मी पुन्हा केला नाही. घरी परतले, ताप हळूहळू उतरला आणि रविवारी नेहमीसारखा त्याचा फोन आला.

"अगं, त्या दिवशी रात्री केला होता घरी, उचलला नाहीस. नंतरही केला. मी शेजारच्यांना फोन करणार होतो. कुठे होतीस?"

"बाहेरगावी गेले होते जरा."

कुठल्या गावी, ते त्याने विचारलं नाही. "आवाज बसलाय तुझा," म्हणाला.

"ताप होता."

"काळजी घे गं," तो म्हणाला. मग फोन ठेवायची वेळ आली असं मला वाटलं. का कोण जाणे, मी विचारलं, "तुझ्या घराच्या खिडकीतून काय दिसतं रे?"

"खिडकीतून?" तो हसला. मग फोन घेऊन खिडकीपाशी गेला असावा, कारण आवाज जरा मोकळा झाला. समोरच्या इमारतीत बांबूवर कपडे वाळत घातलेत, तो सांगू लागला. खाली घसरगुंडी आहे, तिथे पोरं खेळतायत. पलीकडे पुलावरून गाडी जाते, नातू लहान असताना तिचे डबे मोजायचा. शेजारची चिनी म्हातारी कुंड्यांना पाणी घालतेय. इतकं सलग तो माझ्याशी कितीतरी वर्षांत बोलला नव्हता. त्याला घाई नव्हती. मी तिथे येऊन गेले हे त्या क्षणी सांगता आलं असतं. पण मग तो बोलायचा थांबला असता, आणि माफी मागत बसला असता.

"अजून काय दिसतं?" मी विचारलं.