झोपून घर पाहणारे इवाई

अख्ख्या मंगरूळपीर तालुक्यात माझं नुकसान करण्याची ताकद एकाच माणसात आहे, आणि तो माझ्या मुलीचा सासरा आहे. दुसऱ्या कोणी माझा सौदा बिघडवला असता तर मी त्याला भर चौकात उभा करून जाब विचारला असता. दलालांना विचारला आहे, गवंड्यांना विचारला आहे, एकदा तर एका वकिलाला त्याच्याच ओसरीवर विचारला आहे. पण आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवायाला जाब विचारायचा नसतो. त्याला पाट द्यायचा, आग्रह करून वाढायचं आणि जाताना खांद्यावर नवा दुपट्टा टाकून बसस्टँडपर्यंत पोचवायचं. माझ्या हातातलं घर त्यांनी घालवलं त्या दिवशीही मी त्यांच्या खांद्यावर दुपट्टा टाकला. त्यांनी तो बोटांनी चाचपून पाहिला आणि म्हणाले, "सूत चांगलं हाये, इवाई. कितीले भेटला?"

माझा धंदा सांगतो, म्हणजे माझा राग कळेल. पडायला आलेली घरं घ्यायची, दुरुस्त करायची आणि भाड्याने द्यायची. तालुक्याच्या गावी बदलीवर येणारे मास्तर, तलाठी, बँकेतली पोरं यांना खोल्या लागतातच. घराचा भाव पाडणं मला येतं. घरमालकाने आकडा सांगितला की मी काही बोलत नाही, बाहेर येतो, मोटरसायकलला किक मारतो आणि गिअर न टाकता उभा राहतो. माणूस हाक मारतोच. भाडं किती येईल हे गाव सांगतं. पण दुरुस्तीला किती लागेल, तिथे भलेभले बुडतात. नळ बदलायला जावं तर भिंत फोडावी लागते, भिंत फोडली की वरचं आढं खाली येतं, आणि गवंडी विडी पेटवून म्हणतो, "शेठ, आता पुरंच उतरवून टाका." म्हणून मुलीच्या लग्नानंतर इवायांना या कामात घेतलं. स्वतःच्या आयुष्यात त्यांनी आपल्या गावी, इंझोरीला, फक्त एक गोठा बांधला होता, पण तो वादळात शेजाऱ्याचं घर पडलं तरी उभा राहिला होता. मला तेवढी शिफारस पुरेशी वाटली. पोरगी दिली तेव्हाही मी एवढीच चौकशी केली होती.

त्यांची घर पाहण्याची रीत कोणत्याही इंजिनिअरला सुचणार नाही, आणि सुचली तरी लाजेने तो करणार नाही. आल्या आल्या ते भिंत चाटत. खरंच चाटत. जीभ खारट झाली की म्हणत, "लोना चढला, कमरेपर्यंतचा प्लास्टर गेला समजा." मग तांब्याभर पाणी जमिनीवर ओतून ते कुठे धावतं हे उकिडवं बसून बघत. मग शेजारच्या दारात जाऊन प्यायला पाणी मागत. पाणी लगेच आलं तर शेजार चांगला, उशिरा आलं तर भाडं कमी धरायचं, आणि "कोन पाहिजे?" असा प्रश्न आधी आला तर घर घ्यायचंच नाही. शेलूबाजारच्या रस्त्याला एक छान बंगली मी अशी सोडली. शेजारच्या बाईने पाणी दिलं नाही म्हणून! त्या बाईच्या घरात त्या दिवशी नळच आला नव्हता, हे मला वर्षभराने कळलं.

पण शेवटची परीक्षा झोपेची. दुपारचं जेवण झालेलं असे, घर रिकामं असे. इवाई सगळ्या खोल्यांतून एकदा फिरत, एक निवडत, दुपट्टा अंथरत आणि आडवे होत. "ज्या घरात मले झोप लागते, त्या घरात भाडेकरू टिकते," हे त्यांचं शास्त्र. मी बाहेर घरमालकाशी घासाघीस करत बसे. झोप झाली की डोळे चोळत येत आणि खर्चाचा अंदाज सांगत, तोही रुपयांत नाही, सोयाबीनच्या पोत्यांत. "ह्या घराले चाळीस पोते." मी एकदा चिडून म्हणालो, "इवाई, सिमेंटवाला पोते घेते का?" तर म्हणाले, "रुपयाचा भाव कोनाले मालूम हाये? सोयाबीनचा रोज सकाळी मोबाइलवर येते." त्यामुळे त्यांचा अंदाज बरोबर निघाला की चुकला, हे आजवर कोणालाही सांगता आलेलं नाही. काम सुरू करताना सोयाबीनचा एक भाव असतो, रंग लावताना दुसरा. खर्च वाढला की ते म्हणत, "पोते तेवढेच लागले ना?"

आणि माझी ती किक मारण्याची युक्ती! पहिल्यांदा मी त्यांना मागे बसवून ती केली तेव्हा घरमालक दारात आलाच होता, तोंड उघडणार एवढ्यात इवाई मागून मोठ्याने म्हणाले, "चला ना मंग, कायले पेट्रोल जाळून राह्यले?" मला गिअर टाकावा लागला. ते घरही गेलं.

ही सगळी नुकसानं मी पोटात घातली असती. पण बसस्टँडमागच्या कोपऱ्यावरचं घर मी पोटात घालू शकत नाही. मानोऱ्याकडच्या खेड्यातून मी या गावात आलो तेव्हा त्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. दिवसभर हातगाडीवर भाजी विकायची आणि पाठ टेकायला ती खोली. घरमालक मोजून पाणी देई आणि लागलेले दिवे मोजी. एकदा भाडं थकलं तेव्हा मी बाजारात असताना त्याने माझी लोखंडी पेटी गल्लीत ठेवली आणि दाराला स्वतःचं कुलूप घातलं. परत आलो तर पेटीवर गल्लीतली कुत्री बसली होती. तेव्हाच ठरवलं होतं, या दाराचं कुलूप एक दिवस माझं असेल. पुढे पैसा आला, घरं आली, पण तो म्हातारा असेपर्यंत ते घर विकायला निघालं नाही. तो गेला आणि त्याच्या बायकोने मला निरोप पाठवला.

मी तयारीने गेलो. इवायांना रस्ताभर बजावलं, "आज तुमी एक अक्षर बोलायचं नाही. अंदाज मले घरी सांगा." ते "हो" म्हणाले, भिंत चाटली, पाणी ओतलं, आणि नेमके त्या मागच्या खोलीत जाऊन आडवे झाले. मी ओसरीवर बाईंसमोर एकेक दोष काढायला लागलो. तुळई वाकली आहे. मोरीचं पाणी भिंतीत मुरतं. "अवो काकू, ह्या घरात मानूस राहूच शकत नाही," असं मी अगदी रंगात येऊन म्हणालो, आणि आतून घोरण्याचा आवाज आला. असा आवाज, की अंगणातली कोंबडी दचकली. बाई पदर तोंडाला लावून हसल्या. "तुमच्या पाव्हन्याले तं लय मस्त झोप लागली, बापा."

पुढचं मला आठवलं की आजही कानशिलं तापतात. इवाई उठून बाहेर आले. बाईंनी त्यांना चहा दिला आणि सहज विचारलं, "भाऊ, दुरुस्तीले किती लागन?" मी डोळे वटारले, खोकलो, त्यांचा पाय दाबला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि म्हणाले, "पंचवीस पोते. पाया लय पक्का हाये, माय. भाड्यातूनच निघून जाते. विकता कायले?"

बाईंनी घर विकलं नाही. समोरच्या दोन खोल्यांत स्वतः राहिल्या, बाकीचं नीट करून भाड्याने दिलं. काम चालू असताना देखरेखीला कोण येत होतं, हे सांगायची गरज नाही. काम झाल्यावर बाईंनी इवायांना एक दुपट्टा घेतला, माझ्यापेक्षा भारीतला. आणि कडेलोट म्हणजे माझा सर्वांत चांगला भाडेकरू, महिन्याच्या पहिल्याच तारखेला भाडं देणारा बँकेतला पोरगा, माझी खोली सोडून तिथे गेला. कारण विचारलं तर म्हणाला, "काका, तिथे झोप चांगली लागते."

बाईंकडून त्या दिवशी घरी येऊन मी भांडायला तोंड उघडलं तर बायको आडवी आली. "तोंड सांभाळा, पोरगी देल्ली हाये आपन तिकडं." मग जेवताना, आवाज होईल तेवढा खाली ठेवून, मी एवढंच विचारलं, "इवाई, कायले बोलले तुमी?"

त्यांनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला. "तिनं विचारलं."

"मी नाही म्हनलं होतं ना?"

"मले वाटलं, तुमाले घर पाहिजे. तुमाले तं थ्या म्हाताऱ्याचं घर पाहिजे होतं. आता थो मेला. आता कोनाची पेटी बाहेर ठेवता?"

बायकोने लगेच त्यांच्या पानात आणखी पिठलं वाढलं. मी उठून हात धुतले. त्यांनी जे म्हटलं ते मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. घेतलं असतं तर सोन्याचा तुकडा होता तो.

त्यानंतर मी त्यांना घर पाहायला बोलावलं नाही. तेही मागे लागले नाहीत. सणावाराला येत, तो भारीतला दुपट्टा खांद्यावर टाकून येत, आणि माझ्या ओसरीवर तोच अंथरून झोपत. मी जाऊन बसे तिकडे मागच्या अंगणात. मग गेल्या पावसाळ्यात गोठ्याची टिनं बदलताना ते शिडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आता वॉकर धरून अंगणापर्यंत, त्याच्यापुढे नाही.

हिवाळ्यात कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंनी पुन्हा निरोप पाठवला. मुलगा पुण्याला बोलावतो आहे, आता घर विकायचंच. भाव त्यांनी असा सांगितला की मला किक मारायचीही गरज पडली नाही. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आता तुमीच पाहून घ्या, बापा. थे भाऊ नाही आले?"

मी एकटाच सगळ्या खोल्यांतून फिरलो. मागची खोली नुकतीच रिकामी झाली होती. काय वाटलं कोणास ठाऊक, रुमाल अंथरून आडवा झालो. जाग आली तेव्हा बाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या आणि ऊन भिंतीवरून उतरलं होतं. मी बाहेर येऊन इंझोरीला फोन लावला.

"झोप लागली का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"नाही लागली," मी म्हणालो. "तुमीच या. मले काही अंदाज येत नाही."

पलीकडे वॉकर सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "येतो. तूर निघू द्या, मंग येतो."

तूर निघाली, विकलीही गेली. बाईंचा मुलगा पुण्याहून फोन करतो, व्यवहार पक्का करा म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक दारात आहे म्हणतो. असेलही. मी आजवर हातात आलेला सौदा असा लोंबकळत ठेवलेला नाही. पण दर वेळी माझ्या तोंडून एकच निघतं, आमचे इवाई यायचे आहेत, त्यांनी पाहिलं की बोलू. बाईंकडून झाडू मागून मागच्या खोलीची जमीन मी तेवढी झाडून घेतली आहे. अंथरायला काही ठेवलेलं नाही. दुपट्टा ते स्वतःचाच आणतील, आणि तोही त्या बाईंनी दिलेलाच.