डिस्कमधला बिननावाचा कप्पा

बरेच तपास विसरलो, पण ती घटना आजही आठवते, आणि त्यातला आवाज जास्तच. पिंपळगाव रेणुकाईकडचे एक शेतकरी माझ्या पोलीस ठाण्यात आले. त्यांची मुलगी वडीगोद्रीजवळ दिलेली, जावयाचा तिथे शेताला लागून फोटो स्टुडिओ. मुलगी भांडून पुण्याला गेली, असं जावयाचं म्हणणं. ती बेपत्ता असल्याची, म्हणजे मिसिंगची, नोंद झाली होती. पण नव्या नंबरवरून तिचे आवाजी निरोप येत असल्याने कुणाला घाई नव्हती.

त्यांनी ताजा निरोप ऐकवला. "बाबा, भाऊला मुलगी झाली, लय आनंद झाला." मागे मोर ओरडला. प्रत्येक निरोपामागे मोर होते. बाळाचं नाव काय ठेवू, असं त्यांनी उलट विचारलं होतं. उत्तर आलं नव्हतं.

"आवाज तिचाच हाय साहेब," ते म्हणाले, "पण ती बोलून न्हाई राह्यली."

स्टुडिओला लागून असलेल्या शेतात तसेच मोर ओरडत होते. मी पंचनामा करून स्टुडिओचा संगणक जप्त केला. जावयाने मागण्याआधीच पासवर्ड दिले. इतक्या तत्परतेने मदत करणारा माणूस मला खटकतो.

सायबर शाखेच्या महिला उपनिरीक्षकांनी डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज, घेतली आणि लिनक्सच्या संगणकावर तिच्यातली पार्टिशन, म्हणजे कप्पे, पडद्यावर मांडले. मोठ्या कप्प्यात लग्नांचे व्हिडिओ निघाले. शेवटचा कप्पा बिननावाचा होता. विंडोजवर तो दिसतच नव्हता.

"विंडोज पुन्हा बसवायला ठेवतात तो, रिकव्हरीचा असेल," मी म्हणालो.

"त्यासाठी फार मोठा आहे, सर. हाही माउंट करते, म्हणजे उघडते. फक्त वाचण्यापुरता, आतलं काही बदलणार नाही."

आत ध्वनिफिती होत्या. तिचा आवाज, नवऱ्याचा आवाज. माइक तपासायचा म्हणून तो तिच्याकडून वाक्यं म्हणवून घेत होता. "पुन्हा म्हण. हसून म्हण." ती हसत होती. 'भाऊला मुलगी झाली' होतं, त्याखाली 'भाऊला मुलगा झाला'ही होतं. दोन्ही फायलींवरची तारीख बाळाच्या जन्माच्या कितीतरी आधीची होती. पुढच्या दिवाळीचाही निरोप तयार होता. 

चौकशीत जावई शांतपणे तेच तेच सांगत राहिला. मी त्याला त्याचंच "हसून म्हण" ऐकवलं. त्याने पाणी मागितलं आणि ते न पिताच खुनाची कबुली दिली. त्याला दुसरं लग्न करायचं होतं. पंचांसमोर त्याने शेततळ्याच्या बांधातली जागा दाखवली. तिथे ती सापडली.

आज नवे अधिकारी सल्ला विचारायला येतात. मी त्यांना सांगतो, बेपत्ता माणसाचा निरोप आला म्हणून फाईल बंद करू नका. त्या निरोपावर उलट काहीतरी विचारा. उत्तर आलं नाही, तर लगेच निघा.